दिवाळी पहाटेचे फोटो: ८५ एफ/१.८ घ्यावी की ७०-२०० एफ/२.८ साठी थांबावं?

कृष्णाकाठचा | शनिवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. इथं बरीच वर्षं वाचत आलोय, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगलीत आमच्या गल्लीतलं मंडळ नरकचतुर्दशीला दिवाळी पहाट करतं. देवळाच्या पटांगणात मांडव, पहाटे साडेपाचला पहिला स्वर, आठला भैरवी. मंडळात कॅमेरा माझ्याकडेच असल्यानं फोटोचं काम न मागता गळ्यात पडलेलं. कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत आलेल्या दोन लेन्स: १८-५५ आणि ७०-३०० (हे मिलिमीटर; आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं).

गेल्या वर्षीचे फोटो बघून आमचे अध्यक्ष म्हणाले, "गाणं रंगलं होतं, फोटोत मात्र सगळ्यांना हुडहुडी भरल्यासारखी दिसतीय." खोटं नाही. ७०-३०० लावून ८५ मिमीच्या आसपास, एफ/४.५ (हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), शटर १/६० सेकंद, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदना १२८००. चेहरे हललेले आणि वरनं रवा सांडल्यासारखा नॉइज. उजाडल्यावरचे बरे आलेत, पण तोवर गाणाऱ्या बाईंचा ख्याल संपून अभंग सुरू झाले होते.

बजेट पंचवीस ते तीस हजार, सेकंडहँड चालेल. डोक्यात चार गोष्टी आहेत. ८५ एफ/१.८जी. ५० एफ/१.८जी. कोल्हापुरात एकजण जुनी ८०-२०० एफ/२.८डी विकतोय, ती अगदी बजेटात बसते. नाहीतर गप्प बसून पैसे साठवायचे आणि पुढच्या वर्षी ७०-२०० एफ/२.८ घ्यायची.

खरं सांगू का, मन कोल्हापूरच्या ८०-२०० वर बसलंय. उद्या बघायला जाणार आहे.


घाईत_आहे | शनिवार, रात्री ९:५२

५० घ्या. स्वस्त आणि मस्त. विषय संपला.


लेन्सबाज | शनिवार, रात्री १०:०५

उद्या कोल्हापूरला जाणार असाल तर अंबाबाईचं दर्शन घ्या, तांबडा-पांढरा हाणा आणि परत या. ती लेन्स घेऊ नका.

लेन्स वाईट म्हणून नव्हे. एके काळी प्रेसवाल्यांच्या गळ्यात तीच असायची आणि काच अजूनही उत्तम आहे. पण नावाच्या शेवटी 'डी' आहे ना, त्यात ग्यानबाची मेख आहे. एएफ-डी लेन्सला स्वतःची मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर माउंटवरच्या एका छोट्या स्क्रूने लेन्सचं फोकस फिरवते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटर दिलेलीच नाही. डी७०००, ७१००, ७२००, ७५०० मध्ये आहे, डी७५० मध्ये आहे. तुमच्या डी५६०० वर ही लेन्स बसेल, लाइट मीटर चालेल, फोकस मात्र हाताने. पहाटे साडेपाचच्या उजेडात, एफ/२.८ वर, मान हलवत गाणाऱ्या माणसावर हाताने फोकस करून बघा आणि मग इथे येऊन आम्हाला शिव्या घाला.

८५ आणि ५० चे दोन-दोन प्रकार सेकंडहँड बाजारात फिरतात. घेताना 'जी' बघूनच घ्या, त्यांत स्वतःची मोटर असते. ८५ एफ/१.८डी पण मिळते, स्वस्तही मिळते, आणि तुमच्या कामाची नाही.

माझं मत विचाराल तर थांबा आणि ७०-२०० एफ/२.८ घ्या. मी टॅमरॉनची जी२ वापरतो. स्टेजचं काम करायचं तर झूमला पर्याय नाही. गायिकेचा चेहरा, दोन सेकंदांत तबलजीचे हात, लगेच पूर्ण मंच. प्राइम, म्हणजे बिनझूमच्या लेन्सवाला तोवर पाय हलवत बसतो.


कृष्णाकाठचा | शनिवार, रात्री १०:२०

बाप रे. वाचलो. त्या विकणाऱ्यानं "सगळ्या निकॉनला चालती" म्हणून सांगितलेलं. तसं खोटंही नाही म्हणा, बसती खरी.


जुना_रोल | शनिवार, रात्री ११:१५

एवढी चर्चा झाली आणि मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. कृष्णाकाठकर, तुम्ही बसणार कुठे?

गायिकेपासून तुमचं अंतर किती मीटर आहे, हे कळल्याशिवाय ८५ की २०० हे कुणीही सांगू शकणार नाही. अंदाज नको, मोजून या. पहिल्या रांगेचं अंतर, बाजूला कुठे टेकता येत असेल तर तिथलं आणि शेवटच्या रांगेचं.

हिशोब सोपा आहे. तुमच्या सेन्सरची लांब बाजू २३.५ मिमी, आखूड बाजू सुमारे १५.६. त्या आकड्याला अंतराने गुणा आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागा. तेवढ्या रुंदीचा मंच चौकटीत येईल. पाच मीटरवरून ८५ लावली तर साधारण १.३८ मीटर गुणिले ९२ सेंटिमीटर. कॅमेरा उभा धरला तर मांडी घालून बसलेला गायक हात वर केला तरी मावतो. त्याच जागेवरून ५० लावली तर २.३५ मीटर, म्हणजे गायिका आणि मागचा तानपुरा दोन्ही.

आम्ही पुण्यात रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला जायचो तेव्हा रात्र-रात्र गाणं चालायचं. माझ्याकडे १३५ एफ/२.८ होती, हाताने फोकस, ४०० आयएसओचा ट्राय-एक्स हा काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल १६०० ला ढकललेला. छत्तीस फ्रेम आणि पूर्ण रात्र. त्यामुळे लेन्सच्या आधी बसायची जागा ठरायची.


लेन्सबाज | शनिवार, रात्री ११:३१

काका, मान्य. पण झूम असली की अंतराचा हिशोबच करावा लागत नाही, मुद्दा तोच आहे.


जुना_रोल | शनिवार, रात्री ११:४०

दीड किलोची लेन्स अडीच तास हातात धरण्याचा हिशोब करावा लागतो. ८५ एफ/१.८जी साडेतीनशे ग्रॅमची आहे.


कृष्णाकाठचा | रविवार, दुपारी १:१०

कोल्हापूर रद्द. सकाळी टेप घेऊन देवळात जाऊन आलो. पुजारीबुवांना वाटलं जागेची मोजणी आलीय, चेहराच पडला त्यांचा. लेन्ससाठी मोजतोय म्हटल्यावर चहा पाजला.

मंच दरवर्षी त्याच कट्ट्यावर असतो, म्हणून माप पक्कं. गायिकेच्या बैठकीपासून पहिली रांग मधोमध ५ मीटर. मंचाच्या डाव्या अंगाला, आमच्याकडनं बघताना डाव्या, एक दगडी खांब आहे. तिथनं ४ मीटर. शेवटची रांग १८ मीटर.


जुना_रोल | रविवार, दुपारी २:०५

तो खांब सोडू नका! देवानेच बांधून ठेवलाय तुमच्यासाठी.

आपल्याकडे गायकाच्या उजव्या हाताला तबला असतो आणि डाव्या हाताला पेटी. श्रोत्यांच्या बाजूने बघितलं तर तबला डावीकडे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येताना गायक बघतो कुणाकडे? तबलजीकडे. म्हणजे चेहरा आपसूक तुमच्या खांबाकडे वळणार. मधोमध बसलात तर चेहऱ्यापुढे माइक, त्यामागे अर्धं नाक, झाला फोटो. तीस-चाळीस अंश बाजूला सरकलं की माइक हनुवटीपासून सुटा होतो. एफ/१.२ ची लेन्स आणली तरी समोरचा माइक काही हलत नाही.

४ मीटरवरून ८५ म्हणजे १.११ मीटर गुणिले ७३ सेंटिमीटर. एकट्या माणसाचा झक्क फोटो. ५० लावली तर १.८८ मीटर, जोडी येते. २०० ची गरज अठरा मीटरवर. तिथून २०० लावली की २.१ मीटर रुंदी मिळते. लेन्सबाज म्हणतात ते तिथे खरं आहे. पण तुम्हाला तिथे बसायचंच नाही.


बे_एरिया_बाळू | रविवार, संध्या. ७:२२

सुंदर धागा. इथे मराठी मंडळाच्या गाण्यांचे फोटो मी काढतो, शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. थोडं गणित मीही ओततो.

एफचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले लेन्सच्या तोंडातून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ८५ एफ/१.८ चं छिद्र ४७ मिमी. उजेड त्या आकड्याच्या वर्गाच्या हिशोबात बदलतो. एफ/४.५ वरून एफ/१.८ वर आलात की सव्वासहा पट उजेड. एफ/४.५ वरून एफ/२.८ वर आलात तर अडीच पट. कृष्णाकाठचा यांचा गेल्या वर्षीचा तोच फोटो, तीच पहाट, ८५ एफ/१.८ ने आयएसओ ३२०० आणि १/१०० सेकंदावर निघाला असता. ७०-२०० ने ६४०० आणि १/८० च्या घरात. दुप्पट-अडीचपट फरक आहे, आणि तोही महागड्या लेन्सच्या विरोधात.

एक सावधगिरी. लेन्समधलं व्हीआर किंवा व्हीसी (थरथर कमी करणारी सोय) तुमचा हात स्थिर करतं, गायकाची मान नाही. १/३० ला काढलेल्या फोटोत खांब सुरेख येतो आणि बुवांचं भूत होतं.


घाईत_आहे | रविवार, संध्या. ७:४०

क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरवर ८५ ची १२७ सारखी होते ना? मग एफ/१.८ चं पण एफ/२.७ होणार. म्हणजे ७०-२०० च्या जवळपासच आला की.


बे_एरिया_बाळू | रविवार, संध्या. ७:५८

नाही हो. उजेडाला एफ/१.८ हे एफ/१.८ च. शटर आणि आयएसओ तेच राहतात. बदलते ती चौकट, आणि त्याच चौकटीच्या तुलनेत पार्श्वभूमी धूसर होण्याचं प्रमाण. आणि ७०-२०० पण याच कॅमेऱ्यावर लागणार आहे, तिला गुणाकार माफ आहे का?


घाईत_आहे | रविवार, संध्या. ८:०१

बरं. ५० घ्या.


प्रकाशयोजना | रविवार, रात्री ११:५०

प्रयोग संपवून आत्ता आलो, धागा वाचून राहवलं नाही. नाटकांना लाइट करतो, अधूनमधून गाण्याच्या कार्यक्रमांनाही.

तुम्ही सगळे अंधार गृहीत धरून लेन्स शोधताय. अंधार कमी करायला सांगा की! मांडवाच्या लाइटवाल्याला कुणी कधी भेटतच नाही. तो बिचारा मागून निळं, बाजूने लाल-जांभळं टाकून मोकळा होतो, कारण त्याला 'शो दिसला पाहिजे' एवढंच सांगितलेलं असतं. एलईडी पारवर (मंचाच्या दिव्यावर) नुसता लाल टाकला की चेहऱ्याचा लाल रंग जळतो, बाकी दोन रंगांत काही शिल्लकच राहत नाही. निळ्यात तर तुमचं ऑटोफोकस चाचपडत बसतं. ते नंतर कॉम्प्युटरवर कुणाचा बापही दुरुस्त करू शकत नाही.

आदल्या संध्याकाळी जा, त्याला चहा पाजा आणि एवढंच मागा. समोरून, पंचेचाळीस अंश बाजूला आणि तेवढंच वर, दोन पारकॅन किंवा हॅलोजन, त्यावर हलकं अंबर जिलेटिन, म्हणजे पिवळसर पारदर्शक कागद. रंगीत काय टाकायचं ते मागच्या पडद्यावर टाक म्हणावं. दिव्याची संख्या दुप्पट झाली की तुम्हाला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, फुकट मिळाला. हॅलोजन नसेल, एलईडीच असेल, तर पांढरा पूर्ण वर ठेवायला सांगा. स्वस्तातले एलईडी मंद करताना खरं तर भराभर चालू-बंद होत असतात, जितके मंद तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. डोळ्याला कळत नाही, फोटोत पट्टे येतात.


जुना_रोल | सोमवार, सकाळी ६:३०

वा! चाळीस वर्षांत मला हे सुचलं नाही. आम्ही लाइटवाल्यांना शत्रूच समजत आलो.


लेन्सबाज | सोमवार, सकाळी ९:१२

पट्ट्यांबद्दल +१. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे साध्या ट्यूब आणि बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० ला एक आणि १/५० ला दोन पूर्ण लुकलुकी पकडल्या जातात म्हणून फोटो सारखे येतात. १/२५० ला एक उजळ, एक काळपट असं होतं. मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेरावाल्यांनी सायलेंट शटरवर जास्त भरवसा ठेवू नये, तिथे हे पट्टे आणखी ठळक येतात.


तंबोरा | सोमवार, दुपारी ४:४५

मी पलीकडच्या बाजूची. गाते. माझा तानपुरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला, त्यामुळे सांगलीकरांचा धागा म्हणून उघडला आणि वाचतच बसले.

तुमच्या चर्चेत माणूस कुठेच नाही म्हणून लिहिते. पहिली दहा मिनिटं आम्ही स्वर लावत असतो. कान तानपुऱ्यात. तेव्हा पुढून 'खटॅक' असा आवाज आला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. एकदा एका छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्याचा तो फोकसचा दिवा दर अर्ध्या मिनिटाला माझ्या डोळ्यांत चमकत होता. मी डोळे मिटून गायले. लोक म्हणाले, काय तल्लीन झाली होती!

फोटो काढू नका असं नाही म्हणत, चांगला फोटो आम्हालाही हवाच असतो. पण आलापी होऊ द्या. मध्यलयीत, तबला वाजत असताना काढा. आणि मंचासमोर रांगत जाऊ नका हो, कृपा करा.


जुना_रोल | सोमवार, संध्या. ६:१०

ताई, अगदी बरोबर. यावर एक जुना इलाज सांगतो, ज्याला गाणं कळतं त्यालाच जमेल असा.

विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचं. त्यात बाराव्या मात्रेनंतर काय होणार, हे मांडवातल्या प्रत्येक कानसेनाला आधी कळतं. 'धागे तिरकिट धी ना' आलं की बोट शटरवर ठेवायचं. सम आली की गायकाचा हात पडतो, नजर तबल्याकडे जाते, चेहरा खुलतो, आणि नेमकं त्याच क्षणी अख्खं पटांगण 'वाह' म्हणतं. तुमचा खटॅक त्या 'वाह'मध्ये विरघळून जातो. तिहाईलाही, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणाऱ्या तुकड्यालाही, तेच. तीनदा काढायचं नाही, तिसऱ्याच्या शेवटाला एकदाच.

छत्तीस फ्रेमच्या काळात हा नाइलाज होता. आता मुलं सेकंदाला आठ फोटो झाडतात आणि तरी सम चुकते.


तंबोरा | सोमवार, संध्या. ६:२५

काका, तुम्ही कधी माझा फोटो काढायला या.


लेन्सबाज | सोमवार, रात्री ८:००

कृष्णाकाठकर, ताईंनी सांगितल्यावर कॅमेऱ्यातल्या या गोष्टी आजच करून ठेवा: फोकसला मदत करणारा दिवा बंद, बीप बंद, फोटो काढल्यावर पडद्यावर दिसणं बंद, आणि रिलीज मोडमध्ये 'क्यू' म्हणजे कमी आवाजाचं शटर. आवाज पूर्ण जात नाही, आरसा हळू खाली येतो इतकंच.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. मागे काळा पडदा असला की कॅमेरा घाबरून सगळं उजळ करतो आणि चेहरा पांढराफटक. स्पॉट मीटरने एकदा गालावर मोजा, आकडे बांधा, दिवे बदलेपर्यंत हात लावू नका. फोकसला मधला पॉइंट. तुमच्या ३९ पॉइंटांपैकी मधले ९ च क्रॉस प्रकारचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारे) आहेत, अंधारात कडेचे दगा देतात. आणि फाइल रॉ, म्हणजे सेन्सरवरची मूळ, प्रक्रिया न केलेली. २०२३ पासून लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज घालवणारं जे नवं डीनॉइज आलंय त्यानं ६४०० चा फोटोही छापण्यासारखा होतो.

शटर: ख्यालाला १/१२५ पुरे, तानांना हात हलतो तेव्हा १/२५०. तबल्याची बोटं गोठवायची तर १/५००, पण मला स्वतःला १/१६० ला किंचित पुसलेली बोटं जास्त आवडतात. वाजतायत असं वाटतं.

आणि हो, खांब आणि चार मीटर पाहिल्यावर माझंही मत बदललंय. ८५ घ्या. ७०-२०० वाल्यांनी मला संघटनेतून काढून टाकावं.


मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी १०:३०

सेकंडहँड घेणार असाल तर हे वाचाच. मी पणजीचा. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांवर बुरशी येते, लेन्सचं काय घेऊन बसलात. तीन वर्षांमागे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'नव्यासारखी' ८५ मागवली. फोटोत धुकं. मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. पैसे परत मिळवता मिळवता नाकीनऊ आले.

तेव्हा प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून टॉर्च मारा. पाती तेलकट आहेत का बघा. तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून एफ/१.८ ला जवळचं-लांबचं फोकस करून मोठं करून तपासा. घरी ठेवायला हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. तांदळाच्या डब्यात ठेवा असं आमची आजी सांगते, ते करू नका, पिठी आत जाते. आजीला मात्र सांगू नका.


कृष्णाकाठचा | मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. ठरलं, ८५ एफ/१.८जी. लाइटवाल्या दादांचा नंबर काढलाय. पुण्यातल्या मेव्हण्याला एक लेन्स बघून ठेवायला सांगितलीय, टॉर्चची परीक्षा त्यालाच घ्यायला लावणार. दिवाळीनंतर वृत्तांत देतो.


घाईत_आहे | मंगळवार, रात्री ९:१६

आणि ५०?


कृष्णाकाठचा | भाऊबीज, रात्री १०:३०

वृत्तांत. लांबलाय, गोड मानून घ्या, फराळ समजून.

लेन्स पुण्यात मिळाली, बजेटात. मेव्हण्यानं टॉर्च मारमारून विकणाऱ्याला हैराण केलं.

लाइटवाले दादा आदल्या रात्री भेटले. म्हणाले, "आजवर कुणी विचारायलाच आलं नाही." दोन हॅलोजन समोरून लावून दिले, जांभळं मागच्या पडद्यावर नेलं. मला काही न सांगता खांबाजवळची एक भगभगती माळपण काढून टाकली.

पहाटे पाचला खांबाशी सतरंजी टाकून बसलो. पहिली दहा मिनिटं कॅमेरा मांडीवर, हात जोडून. ताई, तुमच्यासाठी. मग गालावर मोजलं: एफ/२, १/१६०, आयएसओ २०००. गेल्या वर्षीच्या १२८०० च्या पुढं मला ते स्वर्गच वाटलं. हॅलोजनचा वाटा त्यात लेन्सएवढाच असावा.

आता फजिती. पहिल्या वीसेक फोटोंत माइक असा काही धारदार आलाय की त्यावरची जाळी मोजून घ्यावी. डोळे मात्र मऊ. चार मीटरवर एफ/१.८-२ ला धारदार पट्टा जेमतेम सोळा-सतरा सेंटिमीटरचा पडतो आणि माइक चेहऱ्याच्या पुढं वीतभर. कॅमेऱ्याला काय, जे ठळक दिसेल ते धरतो. हे लक्षात यायला अर्धा तास गेला, कारण पडदा बंद ठेवला होता! मग फोकसचा पॉइंट डोळ्यावर नेऊन ठेवला आणि एफ/२.५ केलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

समेचं जमलं. म्हणजे पहिल्या चार समा चुकल्या. मी 'धी ना'लाच दाबत होतो आणि हात वरच असायचा. पाचवीला थांबलो, आणि हात पडला, बाई तबल्याकडं बघून हसल्या, पटांगण 'वाह' म्हणालं. माझा खटॅक मलाही ऐकू आला नाही. तो फोटो आता मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचा डीपी झालाय.

सहा-सव्वासहाच्या सुमारास उजाडायला लागलं तेव्हा एक गंमत दिसली. चेहऱ्यावर हॅलोजनचं पिवळं आणि मागं आभाळ गर्द निळं. दहाएक मिनिटंच टिकलं. नेमकं तेव्हा सगळा मंच, मागं कळस असं पाहिजे होतं आणि ८५ मध्ये फक्त पेटीवाल्यांचा कान येत होता. १८-५५ पिशवीत, पिशवी अध्यक्षांच्या खुर्चीखाली. पळत जाऊन आणली तोवर निळं गेलं.

तबलजींनी कार्यक्रमानंतर बोलावून फोटो बघितले. स्वतःचा १/१६० चा, पुसल्या बोटांचा, त्यांना पसंत पडला. "हा पाठवा," म्हणाले, "तो दुसरा नको, त्यात माझी बोटं सुजल्यासारखी दिसतायत." दुसरा १/५०० चा होता. लेन्सबाज, घ्या.


लेन्सबाज | भाऊबीज, रात्री १०:४१

फ्रेम करून लावतो ही पोस्ट.


प्रकाशयोजना | भाऊबीज, रात्री ११:५५

त्या लाइटवाल्या दादांना पण एक प्रिंट द्या. आमचा फोटो कुणी काढत नाही.


कृष्णाकाठचा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:०५

दिलं पाठवून. आता ती ७०-३०० कुणाला पाहिजे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टॉर्च मारून बघायला घरी या, चकली शिल्लक आहे. त्या पैशात ५० बसती का बघतो.


घाईत_आहे | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:०६

🙏